ती म्हातारी खरंच टीव्हीवर होती का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "साल १९८५-८६ असावं. मी दुसरी-तिसरीत, पुण्यात. टीव्हीवर बाहुल्यांची एक मराठी मालिका लागायची. त्यात एक म्हातारी होती, लाल पदराची, पापणी न हलवणारी. ती मुलांना पोत्यात घालून न्यायची. ती आली की मी शेजारच्या मुलाचा हात धरायचो. धाकटा भाऊ म्हणतो, असं काही नव्हतंच, तुला तेव्हा गोवर आला होता. इंटरनेटवर काही सापडत नाही. शोधायचं कसं? आणि मुळात होतं का?"

जुन्या टेपांवरचं चित्र उतरवून द्यायचं काम मी वीसेक वर्षं करतो आहे. असा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. म्हातारी बदलते, पोतं बदलतं, न हलणारी पापणी मात्र ठरलेली.

पहिलं म्हणजे, भावाशी यावर आता अजिबात बोलू नका. कोरा कागद घ्या, वर आजची तारीख टाका आणि आठवतं ते सगळं लिहून काढा. नक्की आठवतं ते एका रंगाच्या पेनाने, "असावं बहुतेक" ते दुसऱ्या. भावालाही वेगळं बसून लिहू दे, त्याचं "असं काही नव्हतंच"सुद्धा. मगच दोन्ही कागद शेजारी ठेवा. हा शहाणपणा मला हात पोळल्यावर आला. सुरुवातीच्या काळात तीन भावंडं अशाच एका बाहुलीच्या शोधात माझ्याकडे आली होती. मी उत्साहाच्या भरात विचारलं, "टोपी होती का हो त्याला? लाल?" पाच मिनिटांत तिघांनाही लाल टोपी आठवली, गोंड्यासकट. जाता जाता थोरली म्हणाली, आमच्याकडे रंगीत टीव्ही आला तो धाकट्याच्या बारावीला. ती टोपी मीच त्यांच्या डोक्यात घातली होती, आणि मग काही केल्या ती काढता आली नाही. तिच्यामागे खरं काय होतं ते कायमचं गेलं.

तर तुमचा लाल पदर. आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं १९८२ मध्ये, पण घरोघरचे संच रंगीत व्हायला पुढची बरीच वर्षं लागली. ज्या पडद्यावर तुम्ही म्हातारी पाहिलीत तो रंगीत होता का, हे आईला विचारा. फक्त "टीव्ही कधी बदलला" एवढंच, म्हातारीचा उल्लेख नको. संच कृष्णधवल निघाला तर पदर दुसरीकडून आला आहे. याचा अर्थ म्हातारी खोटी असा नाही. तिच्यावर मागून कुणीतरी पदर घातला, एवढंच.

असा पदर कुठकुठून येतो ते सांगतो. पोतं घ्या. "गप्प बस, नाहीतर पोत्यात घालून नेईल" हे मराठी घरांत किती पिढ्या म्हटलं गेलं आहे! म्हणजे पोतं आजीचं आणि म्हातारी टीव्हीवरची, असं असू शकतं. दुसरं, १९९३ चा 'झपाटलेला'. त्यातला तात्या विंचू रामदास पाध्ये यांनी घडवला, आणि तो पुढे टीव्हीवर इतक्यांदा लागला की एका पिढीच्या डोक्यातल्या सगळ्या बाहुल्यांचे डोळे त्याचे झाले. १९८५ ची आठवण म्हणून लोक जे सांगतात त्यात निम्मा तात्या असतो. तिसरं जरा लांबचं आहे. २००९ मध्ये क्रिस स्ट्रॉब या अमेरिकन लेखकाने 'कँडल कोव्ह' नावाची एक छोटी भयकथा लिहिली. काही लोक लहानपणी पाहिलेली, समुद्री चाच्यांची बाहुली-मालिका आठवत बसले आहेत, आणि शेवटी एकाची आई सांगते की तू तर अर्धा तास टीव्हीवरच्या मुंग्या बघत बसायचास. कथा छान आहे, पण ती कथाच आहे. तरी ती मालिका आपण खरोखर पाहिल्याचं सांगणारी माणसं भेटतात. तुमच्या कागदावर जहाज, चाचे किंवा कातडी पांघरणारा सांगाडा असता तर मी इथेच थांबलो असतो. तसं काही नाही, म्हणून पुढे लिहितो.

तुमच्या प्रश्नात मला म्हातारीपेक्षा मोलाचं एक वाक्य सापडलं: "शेजारच्या मुलाचा हात धरायचो." भावाचा नाही, शेजारच्या मुलाचा. म्हणजे तुम्ही घरी होतात का? संध्याकाळी घरात सतरंजीवर होतात की दिवसाउजेडी शाळेच्या टीव्हीच्या खोलीत, गणवेशात? कारण या दोन जागांचे दोन वेगळे रस्ते निघतात.

संध्याकाळ असेल तर मुंबई दूरदर्शन. ते २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि १९७३ मध्ये सिंहगडावरचं केंद्र झाल्यापासून मुंबईचंच चित्र पुण्यात दिसायला लागलं. मुलांसाठी 'किलबिल' होतं. पण अशा कार्यक्रमात गाणं, गोष्ट, नकला, बाहुल्या असं सगळं एकाच पोटात असायचं. छापून यायचं ते पोटाचं नाव, आतल्या तुकड्याचं नाही. तुम्ही मालिकेचं नाव शोधताय, आणि कदाचित तिला स्वतःचं नावच नसेल.

सकाळ आणि शाळा असेल तर माझं बोट बालचित्रवाणीकडे जातं. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी गेल्यावर शाळकरी मुलांसाठी उपग्रहावरून कार्यक्रम दाखवायची योजना सहा राज्यांत आली. त्यात महाराष्ट्राची संस्था पुण्यातच, १९८४ ची. तिचे मराठी कार्यक्रम सकाळी दूरदर्शनवर लागायचे आणि कित्येक शाळांत मुलांना ओळीने बसवून दाखवले जायचे. स्वच्छता, गणित, अनोळखी माणसाने दिलेला खाऊ घेऊ नये, असले विषय. आता पाहा, "अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका" हे सहा-सात वर्षांच्या मुलांना बाहुल्यांतून सांगायचं ठरलं, तर पोतं घेतलेली म्हातारी फार लांब नाही. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण धाकट्या भावाला काहीच आठवत नाही याचंही उत्तर त्यात बसतं: तो तेव्हा तुमच्या वर्गात नव्हता. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली.

"मग टेप कुठे असेल?" हा पुढचा प्रश्न येतोच. टेप सापडेल या आशेने सुरुवात करू नका. आधी कागद शोधा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण नाक मुरडतो, म्हणून एक खरी गोष्ट सांगतो.

जपानच्या एनएचके वाहिनीवर १९६४ ते १९६९ अशी पाच वर्षं 'ह्योक्कोरी ह्योतानजिमा' नावाची बाहुल्यांची मालिका चालली. रोज १५ मिनिटं, एकूण १,२२४ भाग. भोपळ्याच्या आकाराच्या एका बेटावर बाई पाच मुलांना सहलीला घेऊन जातात, ज्वालामुखी फुटतो, बेट तळापासून सुटतं आणि समुद्रावर वाहत सुटतं. सगळा देश ती बघत होता. आज त्या १,२२४ पैकी ८ भाग शिल्लक आहेत. कुणी मुद्दाम नष्ट केले नाहीत. दोन इंची व्हिडिओटेप तेव्हा सोन्याच्या भावाची होती, म्हणून आजचा भाग दाखवून झाला की त्याच टेपवर उद्याचं काहीतरी. आईने दूध संपल्यावर बाटली विसळून परत ठेवावी, तितक्या साधेपणाने. जगभरच्या वाहिन्यांनी हेच केलं, आपल्याकडेही झालं. 'अँडी पँडी' ही बाहुल्यांची ब्रिटिश मालिका टिकली ती फिल्मवर चित्रित झाली होती म्हणून. फिल्म पुसून पुन्हा वापरता येत नाही, हे तिचं नशीब.

पण १९९१ मध्ये एनएचकेने ह्योतानजिमाचे काही भाग नव्याने केले. चित्र पुसलेलं, मग गोष्ट कुठून आली? सातोरु इतो नावाचा एक शाळकरी मुलगा ती मालिका चालू असताना रोज टीव्हीसमोर वही घेऊन बसायचा आणि कोण काय म्हणालं ते लिहून काढायचा. त्या वह्या त्याने सांभाळल्या होत्या. देशाच्या प्रसारण संस्थेकडे जे नव्हतं ते एका पोराच्या वहीत होतं. आणि तुमची म्हातारीही भीती घालणारी होती म्हणून सांगतो: लेखकद्वयातले हिसाशी इनोउए यांनी पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं की बेटावरची ती माणसं ज्वालामुखीत मेलेलीच आहेत, अशी मुळातली कल्पना होती. मुलांना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना ते कळलं नसेलच असं मात्र मी म्हणणार नाही.

कागदाचं दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या, बाहुल्यांच्या मालिकेचा ८४७ वा भाग १० फेब्रुवारी १९७६ ला लागला. त्यात अभिनेत्री मार्गारेट हॅमिल्टन आपल्या जुन्या गाजलेल्या चेटकिणीच्या वेशात आल्या, 'विझर्ड ऑफ ऑझ' सिनेमातली हिरवी चेटकीण. मुलं इतकी घाबरली की आईवडिलांच्या पत्रांचा ढीग लागला, आणि तो भाग पुन्हा कधी दाखवला गेला नाही. चाळीसएक वर्षं लोक म्हणत राहिले, "मी पाहिला होता," आणि बाकीचे म्हणत राहिले, "स्वप्न पडलं असेल." पण पत्रं होती ना! भाग होता आणि तो घाबरवणारा होता, हे पत्रांवरून माहीत होतं. तो हरवलेला नव्हता, फडताळात बंद होता. २०२२ मध्ये तो इंटरनेटवर आला. हरवलेलं आणि लपवलेलं यातला फरक ओळखायला शिका. लपवलेलं कधीतरी बाहेर येतं.

तिसरं उदाहरण शोधणाऱ्यांचे कान उपटणारं आहे. एका माणसाला अमेरिकेत लहानपणी पाहिलेला, घड्याळातून येऊन मुलीला घेऊन जाणारा माणूस आठवत होता. तो दिसला होता निकेलोडियन या मुलांच्या वाहिनीवरच्या 'पिनव्हील' या बाहुल्यांच्या कार्यक्रमात. वर्षानुवर्षं शोध चालला. २०१७ च्या अखेरीस सापडलं ते काय? १९७६ चा एक छोटा चेक ॲनिमेशनपट. 'पिनव्हील'मध्ये मधेमधे अशा परदेशी फिती घालत असत. लोक अमेरिकन मालिका शोधत होते आणि ऐवज चेकोस्लोव्हाकियाचा होता. तुमची म्हातारी मराठी बोलत होती म्हणून ती मराठीच होती असं धरून चालू नका. परदेशी फितीवर मराठी आवाज चढवला की सात वर्षांच्या मुलाला ती सदाशिव पेठेतलीच वाटणार.

आता आपल्याकडचा कागद. त्या वर्षांची मराठी दैनिकं, टीव्हीच्या कार्यक्रमांचा कोपरा. वेळ आणि नाव, बस. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा तुमच्या पुण्यातली जुनी वाचनालयं इथे बांधीव फायली बघायला मिळू शकतात. आधी फोन करून जा, आणि फायलीची पानं बोट ओलं करून उलटू नका, कागद पापडासारखा मोडतो. दोन वर्षं चाळत बसू नका. शाळेचा दाखला काढा, दुसरी-तिसरीची नेमकी वर्षं ठरवा, सुट्ट्या वगळा. उरतात ते दिवस मोजण्यासारखे असतात. मुलांचा कार्यक्रम ज्या वारी लागायचा तेवढेच रकाने बघायचे. आणि वाचकांचा पत्रव्यवहार सोडू नका. "आमची मुले रात्री दचकून उठतात, दूरदर्शनने याची दखल घ्यावी" असं एखादं चार ओळींचं पत्र मिळालं तर ते सोन्याहून पिवळं. बरेच जण पहिल्यांदा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात धडकतात. ते सिनेमाचं घर आहे, दूरदर्शनचं नाही. दूरदर्शनचं जे काही जपलेलं आहे ते प्रसार भारतीच्या संग्रहात, आणि तिथे विचारताना "एक भीतीदायक म्हातारी" असं न विचारता तारीख आणि कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा. म्हणून आधी कागद.

आणखी एक वाट बहुतेकांना सुचत नाही: बाहुली स्वतः. टेप पुसता येते, बाहुली कोण टाकून देतो? बाहुलीकारांच्या घरी ट्रंका असतात. त्यांना विचारण्याआधी तुमच्या कागदावर या गोष्टी लिहा. म्हातारीचे पाय दिसायचे का? तोंड उघडझाप करायचं का, की मान हलवूनच बोलायची? हात दोन्ही हलायचे की एकच? कमरेखाली काही दिसत नसेल आणि हात आखूड, चिमटीसारखे असतील तर हातमोजा बाहुली. हात लांब, जरा संथ, कोपरातून कडक हलत असतील तर काठीची. पाय जमिनीपासून वर तरंगत असतील तर दोऱ्यांची, कळसूत्री. तोंड उघडझाप करत असेल आणि शेजारी माणूस बसलेला असेल तर बोलकी बाहुली, अर्धवटरावाच्या जातकुळीतली. प्रत्येक प्रकारची माणसं वेगळी, आणि ती थोडी आहेत, एकमेकांना ओळखतात. "तरंगणारी म्हातारी" एवढ्या दोन शब्दांवर जाणता बाहुलीकार चार नावं सांगेल.

पापणीचंही इथेच सांगून टाकतो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत पिढ्यान् पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवतात. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या बाहुलीचे डोळे मोठे, ठसठशीत रंगवलेले असतात, कारण ती रात्री, दिव्याच्या उजेडात, दहा-पंधरा हातांवरून बघायची असते. तिथून बघा, ती डोळे मिचकावते असं वाटेल. टीव्हीने काय केलं, तर कॅमेरा तिच्या नाकाला नेऊन भिडवला. मासाहिरो मोरी या जपानी संशोधकाने १९७० मध्ये, माणसासारखं पण पुरतं माणूस नसलेलं काही पाहून अंगावर काटा का येतो यावर लिहिताना, बुनराकू या जपानी बाहुलीनाट्यातल्या बाहुल्यांचं उदाहरण घेतलं होतं. जवळून त्या माणसासारख्या नसतात, पण नाट्यगृहात लांब बसून बघितलं की जिवंत वाटतात, असं त्याचं म्हणणं. टीव्हीने नेमकं ते अंतर काढून घेतलं. त्यात वाऱ्याने फिरलेला गच्चीवरचा अँटेना आणि प्रत्येक चेहऱ्याशेजारी त्याचीच एक फिकट सावली. म्हणजे म्हातारी घाबरवण्यासाठी केलेली नसेलही. बिचारी एखाद्या बोधकथेतली साधी आजी असेल.

चित्रच हवं असेल तर आशा एकाच ठिकाणी आहे, आणि ती सरकारी नाही. लग्नाच्या कॅसेटी. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास आपल्याकडे व्हीसीआर यायला लागले आणि पुढे लग्नाचं व्हिडिओ शूटिंग आलं. ई-१८० कॅसेट तीन तासांची. लग्न, वरात, पाठवणी धरून अडीच तास. उरलेल्या अर्ध्या तासाचं काय? घरात कुणीतरी उत्साही काका असायचा, तो टीव्हीवरचं काहीबाही भरून ठेवायचा. एकदा "ताईचे लग्न" अशी चिठ्ठी लावलेली कॅसेट, चकलीच्या डब्यात ठेवलेली, माझ्याकडे आली. पाठवणी झाली, बहीण रडली, चित्र फुटलं, मुंग्या आल्या. घरचे म्हणाले, झालं, बंद करा. मी कधीच बंद करत नाही. मुंग्यांचे चार मिनिटं सोळा सेकंद गेले आणि मग साबणाची एक जाहिरात, हवामान, आणि मुलांच्या कुठल्याशा कार्यक्रमाची शेवटची दोन मिनिटं. बाहुल्या नव्हत्या. पण तसं काही कुठे सापडलंच तर ते अशाच शेपटात सापडेल, म्हणून नातेवाइकांना "बाहुलीची मालिका आहे का" असं विचारू नका, "लग्नाच्या कॅसेटी टाकल्या तर नाहीत ना" असं विचारा.

शोध सुरू आहे हे कळलं की कुणीतरी तुम्हाला "सापडली!" म्हणून क्लिप पाठवणार, याची खात्री बाळगा. आता अशी क्लिप घरबसल्या बनते. घाईने रडू नका, तळाकडे बघा. खऱ्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेल्या चित्रात अगदी खालच्या काठाला एक फाटकी, थरथरणारी पट्टी असते. टीव्हीच्या चौकटीमागे ती झाकली जायची, संगणकावर उघडी पडते. नकली क्लिपवाले चित्रभर रेघा आणि खरखर घालतात आणि ही पट्टी विसरतात. दुसरं, आपलं प्रसारण पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चौकटी. क्लिपमध्ये ३० निघाल्या तर ती मधे कुठेतरी रूपांतरित झाली आहे किंवा भारतातली नाही, एवढं नक्की समजा.

मिळालेली कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये घालून बघण्याचा मोह आवरा. झाकण उचलून रिळाच्या कडेकडे बघा. पांढरे ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे. यंत्रात घातलीत तर ती हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला लागेल आणि तिथून पुढच्या कॅसेटला. तशीच हवाबंद पिशवीत घाला, बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, झटकू नका आणि तिच्यावर तोंड नेऊन फुंकर तर मुळीच मारू नका, ती छातीत जाते. आणि पावसाळा असेल तर काढूच नका. ऑक्टोबरची उन्हं पडली, हवा कोरडी झाली की आणा. तोवर शाळेचा दाखला, टीव्ही कधी बदलला ते आणि तुमचे ते दोन कागद, एवढं तयार असू दे.